खोबळ्यातली तीन टिंबं

४ जानेवारी

काका, नमस्कार.

फोन करणार होते, पण घणाने तुमचे कान कामातून गेलेत. काहीही विचारलं तरी तुम्ही "हो हो, मजेत" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे पत्र. तुम्हाला आवडतं तसं, मोठ्या अक्षरात.

एक बातमी आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या संग्रहालयात शस्त्रांचं प्रदर्शन भरणार आहे आणि त्यातल्या मुख्य वस्तूची नोंद मोठ्या बाईंनी माझ्याकडे दिली आहे. नोकरीला जेमतेम सात महिने झालेत, तरी दिली. ती वस्तू म्हणजे पट्टा. तुम्ही वर्षातून दोनदा मागच्या दाराने येऊन सगळ्या शस्त्रांना तेलपाणी करता, म्हणजे तो तुमच्या हातून गेलेलाच असणार. कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा, आत आडवी मूठ, आणि पुढे पुरुषभर लांब सरळ पातं. खोबळा इथला आहे, पण पातं समुद्रापलीकडचं. पात्यावर तिकडच्या लोहाराची खूण आहे, एक धावतं जनावर. बाई त्याला लांडगा म्हणतात, मला तो उपाशी कुत्रा वाटतो. जुन्या यादीत लिहिलंय, "तीनशे वर्षांपूर्वीची जोडणी, जशीच्या तशी."

मला ती ओळ नुसती उतरवायची नाही, तपासायची आहे. मुठीभोवतीची आतली गादी कुजली आहे, ती काढावी लागेल. रिव्हेट जुने की नवे हे कशावरून ओळखायचं, ते सांगाल? पुस्तकात कुठे नीट दिलेलं नाही. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता घरातले कारागीर तुम्हीच.

आईला सांगा, मी दोन वेळा जेवते.

तुमची मास्तरीण


११ जानेवारी

मास्तरीणबाईंना काकाचा आशीर्वाद, आणि थोडी भीतीही.

तुझं पत्र काकूने सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. "मुख्य वस्तूची नोंद" हे शब्द तिने तीनदा वाचले. घरात पहिली पदवी तुझी, त्यामुळे आता शेजारणीला कुठलंही कागदपत्र आलं की ती आमच्या दाराशी येते. आम्हाला त्यातलं काही कळत नाही, पण आम्ही मान डोलावतो.

तू आठ वर्षांची असताना माझ्या पाटीवरच्या हिशेबातली चूक काढलीस, तेव्हाच दादा म्हणाला होता, ही पोर कुणाला सुखाने जगू देणार नाही. मास्तरीण हे नाव तुला त्या दिवशी पडलं.

रिव्हेटचं म्हणशील तर त्यात ओळखण्यासारखं काही नसतं. लोखंड ते लोखंड. आणि गादीला हात लावू नकोस. ती निघाली की मूठ सैल पडते आणि मग सगळा खोबळा खुळखुळा होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण असल्या मुठीसाठीच निघाली असं समज. जुन्या यादीत लिहिलंय ना? ते लिहिणारा काय मूर्ख होता?

माझे डोळे थोडे चुरचुरतात. पॉलिशच्या चाकासमोर चाळीस वर्षं बसल्यावर आणखी काय होणार.

काका


२० जानेवारी

काका, नमस्कार.

तुमचं ऐकलं नाही, रागावू नका. गादी आपोआप गळायलाच आली होती. बाईंच्या समोर, फोटो काढत काढत उतरवली. मूठ सैल पडली नाही. पक्की बसली आहे.

खोबळ्याच्या तोंडातून दोन लोखंडी जिभा निघतात, त्यांच्या मध्ये पातं धरलेलं असतं आणि आरपार सहा रिव्हेट ठोकलेले असतात. भिंगाखाली पाहिलं तर रिव्हेटची तार यंत्रातून ओढलेली आहे. इतकी एकसारखी तार तीनशे वर्षांपूर्वी नव्हती. म्हणजे पातं जुनं, खोबळा जुना, पण दोघांची गाठ मात्र अलीकडची.

त्यात वाईट काही नाही, हे मला माहीत आहे. पूर्वीही पातं मोडलं की दुसरं बसवतच असत. वाईट एवढंच की कुणीतरी ते लपवलं.

आता खरा प्रश्न. आपल्या कारखान्याची रीत आहे ना, दुरुस्ती केली की आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी पंचाने तीन टिंबं मारायची? बाबा सांगायचे, गिऱ्हाइकासाठी नाही, पुढच्या कारागिरासाठी. त्याला कळावं की इथे आधी कुणाचा तरी हात लागलाय, जपून. या मुठीच्या टोकाला, गादीच्या खाली, बरोबर त्याच जागी, लोखंड घासलेलं आहे. नखाएवढी जागा.

हा पट्टा आपल्याकडे आला होता का?

मास्तरीण


२ फेब्रुवारी

चि. मास्तरीण,

उत्तराला उशीर झाला. कारखान्यात काम होतं.

जगात कारखाने काय एक आहेत? कुणीही कुठेही घासतं. गंज चढला असेल, कुणी कानस मारली असेल. आठ-दहा वर्षांपूर्वी काय आलं नि काय गेलं, ते मला आठवत नाही. मला काल काय खाल्लं ते आठवत नाही.

यादीत आहे तसं लिही आणि मोकळी हो. नवी नोकरी आहे. पहिल्याच वर्षी मोठ्यांच्या चुका काढणाऱ्याला कुणी डोक्यावर घेत नाही.

काकू विचारते, कधी येतेस.

काका

ता. क. ओळी वाकड्या आल्यात. टेबलाचा पाय मोडलाय.


१८ फेब्रुवारी

काका,

मी रविवारी येऊन गेले. तुम्ही सकाळीच कुठेतरी निघून गेलात. संध्याकाळी माझी गाडी सुटेपर्यंत आला नाहीत. काकूंनी सांगितलं कुणाकडे तरी काम निघालं. रविवारी? असो.

मी ज्यासाठी आले होते ते पाहून गेले. आईच्या मोठ्या पातेल्याची कडी बाबांनी बसवलेली आहे. तिचे रिव्हेट मी भिंगातून पाहिले. आई म्हणाली, शिकून सवरून पातेली बघायला आलीस का?

बाबा डावखुरे होते. त्यांच्या हातोडीचा घाव एका बाजूने यायचा, रिव्हेटचं डोकं डावीकडे किंचित कललेलं राहायचं. कडीचे चारही तसे आहेत. पट्ट्याचे सहाही तसेच आहेत. फोटो शेजारी शेजारी ठेवले.

तुम्ही मला थांबवत होतात ते का, हे आता कळलं. तुम्हाला माहीत होतं. बाबांनी जोड केला, टिंबं मारली, आणि मग पट्टा विकणाऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःच घासून टाकली. ज्या माणसाने मला वहीतलं खोडायचं असेल तर एक रेघ मारून खोड, खालचं दिसू दे, असं शिकवलं, त्याने.

अहवाल या महिनाअखेरीस द्यायचा आहे. मी त्यात लिहिलंय, "जोडणीचा काळ निश्चित करता येत नाही." हे खोटं आहे. माझ्या हाताने लिहिलेलं पहिलं खोटं वाक्य. पण त्यांचं नाव अशा कागदावर मी आणू शकत नाही. ते उत्तर द्यायला नाहीत. मी त्यांची एकुलती एक मुलगी आहे, तेवढं मला करू द्या.

तुम्ही काळजी करू नका. आता कुणाला काही कळणार नाही.

मास्तरीण


२२ फेब्रुवारी

बाळा,

ते वाक्य काढ. पत्र पुरतं वाचायच्या आधी काढ.

रविवारी मी कुठे गेलो नव्हतो. पुलापलीकडच्या बाकावर बसून होतो. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात लख्ख ऊन होतं, आणि घरी तू भिंग घेऊन बसली होतीस.

सहाही रिव्हेट दादाचे आहेत, ते तू बरोबर ओळखलंस. पण घासलेली जागा पुन्हा भिंगाखाली धर. कानशीचे ओरखडे कुठून कुठे गेलेत बघ. डावखुऱ्याने खोबळ्यात हात घालून कानस चालवली तर ते एका बाजूला उतरतात, उजव्याने चालवली तर दुसऱ्या. दादाने टिंबं मारली होती. मी घासली.

जुन्या वस्तूंचा तो दुकानदार खोबळा आणि पातं वेगवेगळं घेऊन आला होता. दादाची तब्येत तेव्हाच उतरली होती. पंधरा दिवस बसून त्याने जोड केला. इतका सफाईदार की मलाही शिवण दिसेना. दुकानदार न्यायला आला तेव्हा दादा आत झोपला होता. तो मला म्हणाला, एवढ्या बेमालूम कामाला खूण कशाला? खूण नसेल तर हा थेट संग्रहालयात बसेल, पुढच्या दालनात.

लोभ सुटला असता तर सांगायला सोपं होतं. तो जास्तीचं काही देत नव्हता, मी मागितलंही नाही. मला वाटलं ते वेगळंच. आम्ही दोघं भाऊ जन्मभर त्या इमारतीत मागच्या दाराने गेलो. बूट बाहेर काढून, पिशवी तपासून देऊन. म्हटलं, आमच्या हातची एक तरी वस्तू पुढच्या दाराने आत जाऊ दे. शिकलेल्या लोकांना तिच्यापुढे उभं राहून माना डोलवू दे. गंमत वाटली मला. कानस घेतली आणि दहा मिनिटांत काम संपवलं.

माल देण्याआधी आतून अंगठा फिरवायची दादाची सवय तुला आठवत असेल. तेवढ्यासाठी तो उठून आला. अंगठा तिथे थांबला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हात पुसला आणि आत जाऊन पडला. मी पट्टा देऊन टाकला.

त्यानंतर तो माझ्याशी चार महिने बोलला नाही, जाईपर्यंत. एकदाच बोलला. म्हणाला, "संग्रहालयात जाऊन सांगून ये. मला जाववत नाही, नाहीतर मीच गेलो असतो." मी हो म्हटलं. गेलो नाही. पुढे आठ वर्षं, वर्षातून दोनदा, त्याच पट्ट्याला माझ्या हातांनी तेल लावलं. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी वाटायचं, आता कशाला.

मी गप्प बसलो असतो तर आजही निभावलं असतं. पण तू दादाचं नाव वाचवायला खोटं लिहिलंस आणि त्याचं नाव मी खराब केलं होतं. मेलेल्या भावाच्या आड मी आठ वर्षं लपलो. आता त्याच्या मुलीच्या आड लपायची माझी हिंमत नाही.

खरं लिही. माझं तिथलं काम जाईल, जाऊ दे.

तुझा काका


१९ जून

काका,

चार महिन्यांनी लिहिते आहे. मधल्या काळात काकूंची दोन पत्रं आली, त्यांचंही उत्तर दिलं नाही. त्यांना सांगा, चूक त्यांची नव्हती.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी ओरखडे पाहिले. तुम्ही म्हणालात तसेच होते. अहवाल बदलला आणि दिला. मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, खिडकी बंद केली आणि विचारलं की हे दोघे तुझे कोण लागतात. मी सांगितलं. बाई म्हणाल्या, पट्टा प्रदर्शनात राहील, फक्त यादीतली ओळ जाईल. आणि तुमचं कामही जाईल. तुम्हाला यापुढे बोलावणार नाही, असं जे पत्र आलं, ते टाइप मी केलं. दुसऱ्या कुणाच्या हातून ते जावं असं मला वाटलं नाही.

पण मी अबोला धरला तो कानशीमुळे नाही.

तुम्ही लिहिलंत, दादाने सांगून ये म्हटलं आणि मी हो म्हटलं. ते हो तुम्ही त्यांना तोंडावर म्हणाला नव्हता. मी चौदा वर्षांची होते. बाबांनी मला जवळ बोलावून विचारलं होतं, "काका जाऊन आला का, विचारून ये." मला वाटलं, डॉक्टरकडे, औषधासाठी. मी कारखान्यात आले, तुम्ही चाकावर होता, मान वर न करता म्हणालात, "हो, सांग." मी धावत परत गेले आणि सांगितलं, हो म्हणाले. बाबांनी डोळे मिटले. किती दिवसांनी त्यांना स्वस्थ झोप लागली होती. मला आनंद झाला होता, मी चांगली बातमी आणली म्हणून.

ते खोटं मी पोहोचवलं, काका. फेब्रुवारीत लिहिलेलं वाक्य माझं पहिलं खोटं नव्हतं.

परवा तुम्ही प्रदर्शनाला आला होतात, ते मी पाहिलं. तिकीट काढून, पुढच्या दाराने. नवा सदरा होता. काकू बरोबर होत्या आणि तुम्ही चक्क त्यांचा हात धरला होता. जन्मात कधी धरला नसेल, आईला सांगितलं तर ती हसेल. मी वरच्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर उभी होते. खाली यावंसं वाटलं. पाय उचलला नाही. तुम्ही जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

एवढंच सांगायचं होतं. मी होते.

मास्तरीण


३० जून

बाळा,

ते हो मी विसरलो होतो. विसरलो होतो म्हणजे, दादाला दिलं असंच मनाशी धरून बसलो होतो. दारात उभी असलेली तू आता आठवतेस. एका पायात चप्पल होती. माफी मागायला लागलो तर ती तुला द्यावी लागेल. ते ओझं तुझ्यावर नको.

खोटं त्याचं, ज्याने ते केलं. निरोप्याचं नाही. आयुष्यभर चुका काढत आलीस, ही एक चूक माझी म्हणून राहू दे.

प्रदर्शन झकास आहे. पट्टा मधोमध ठेवलाय, वरून उजेड. दादाचे रिव्हेट डावीकडे कललेले, सहाच्या सहा चमकत होते. तो लांडगाच आहे, कुत्रा नाही, तुझ्या बाईंचं बरोबर आहे. पहारेकऱ्याने मला ओळखलं. म्हणाला, काय उस्ताद, आज पुढून? म्हटलं, आज तिकीट आहे.

कार्ड काकूने वाचलं, चष्मा घरी विसरला होता. दादाचं पूर्ण नाव मी तिला पुन्हा वाचायला लावलं. त्या इमारतीत आमच्यापैकी कुणाचं नाव आजवर मोठ्याने वाचलं गेलं नव्हतं.

पण कार्ड अर्धवट आहे. "जोडाची खूण नंतर घासण्यात आली." कुणी घासली? आपोआप घासली गेली? तू मला वाचवलंस, ते कळलं. दादाला असलं अर्धं काम चालायचं नाही. पुढच्याला कळायला हवं, कुणाचा हात लागलाय. माझं नाव लिही. भावाच्या नावाशेजारी माझं नाव यायचं असेल तर ते याच कारणाने येईल. येऊ दे.

काका


२१ ऑगस्ट

काका,

कार्ड बदललं. बाईंना पटवायला वेळ लागला, त्यांचं म्हणणं होतं, पाहुण्यांना हे कशाला. मी म्हटलं, पुढच्या कारागिरासाठी. कालपासून नवीन कार्ड लागलंय. उतरवून देते:

"पट्टा. खोबळा इथला, पातं समुद्रापलीकडचं, दोन्ही जुने. जोड अलीकडचा." इथे बाबांचं पूर्ण नाव आहे, आणि पुढे, "यांच्या हातचा. जोडाची खूण त्यांच्या धाकट्या भावाने," इथे तुमचं पूर्ण नाव, "घासून काढली, आणि पुढे स्वतःच कळवली."

शेवटचे चार शब्द तुम्ही मागितले नव्हते. ते मी घातले. खरे आहेत म्हणून घातले.

मागच्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, निम्मं पत्र आईच्या जुन्या वह्यांसारखं लावून लावून वाचावं लागलं. रागात लिहिलं होतंत का? टेबलाचा पाय अजून दुरुस्त नाही वाटतं. लोहाराच्या घरी लाकडी टेबल, दुसरं काय होणार.

प्रदर्शन अजून महिनाभर आहे. पुन्हा या. या वेळी मी दारातच उभी राहीन. बाबांचे रिव्हेट आपण दोघं मिळून बघू.

तुमची मास्तरीण


२ सप्टेंबर

चि. बाळ,

हे पत्र काकूचं. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, सांभाळून घे.

तुझ्यापासून लपवायचं असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. आता मोडते. घरातली वचनं सगळी अशीच असतात, दुसरं काय. टेबलाचा पाय कधी मोडलाच नव्हता. डाव्या डोळ्याचं दिसणं थंडीतच गेलं होतं. उजव्याचं वैशाख संपता संपता गेलं. डॉक्टर म्हणाले, ठिणग्यांनी आतून जाळलंय, उशीर झाला. तिला कळलं तर ती कणवेपोटी माझ्याशी बोलेल, ते मला नको, असं म्हणायचे.

प्रदर्शनाला आलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता, तो जिन्यांसाठी. पट्टा त्यांना दिसला नाही. काच आहे असं मी सांगितलं, तर दोन्ही तळवे काचेवर ठेवून उभे राहिले. पहारेकरी हात लावू नका म्हणायला आला, मग तोंडाकडे बघून बाजूला जाऊन उभा राहिला. पत्रात रिव्हेट चमकत होते असं लिहिलं, ते त्यांनी आठवून लिहिलं. लांडग्याचं मी सांगितलं.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. कार्डाच्या ओळी तीनदा वाचायला लावल्या. मग विचारलं, दादाचं नाव आधी आहे ना? म्हटलं, आधी आहे. "स्वतःच कळवली" हे त्यांना पसंत नाही. म्हणतात, आठ वर्षांनी कळवली, तेही लिहायला हवं होतं. मी म्हटलं, पोरीचं पोरीला राहू द्या.

आम्ही येत नाही. तूच ये. दारात उभी राहायचंच असेल तर आपल्या दारात राहा.

पत्र संपवताना पेन्सिल मागून घेतली. काय लिहायचं ते मी लिहिते म्हटलं, तर म्हणाले, हे मलाच करायचंय. कागदाची खालची कड अंगठ्याने चाचपून त्यांनी काढलं आहे, ते तुला कळेल म्हणतात.

•  •  •